नोकरी सांभाळून कादंबरी लिहिताना

कादंबरी लिहायची आहे म्हणून नोकरी सोडू का, असं विचारणारं कुणी ना कुणी भेटतंच. माझं उत्तर ठरलेलं: आधी हिशोब करा. समजा, पहिल्या कादंबरीची 500 प्रतींची आवृत्ती निघाली, किंमत 400 रुपये, रॉयल्टी 10 टक्के. सगळ्या प्रती खपल्या तरी हातात येतात 20,000 रुपये, तेही हप्त्याहप्त्यानं. मराठी कादंबरी लिहिणाऱ्यांत नोकरदार भरपूर आहेत. वि. स. खांडेकर 1920 पासून शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते, श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये नोकरीला होते, विश्वास पाटील प्रशासकीय सेवेत होते. तेव्हा नोकरी राहू द्या. खरी पंचाईत वेगळीच असते. दिवसभर दुसऱ्याच्या फायलींत डोकं घातल्यावर आपली कादंबरी त्याच डोक्यात जागी ठेवायची कशी?

कथा एका बैठकीत डोक्यात मावते, कादंबरी मावत नाही. आठवडाभर हात लावला नाही की पात्रं परकी होतात. नायिकेचा धाकटा दीर पुण्यात होता की पिंपरीत, तिनं सासूला उलट उत्तर दिलं होतं की फक्त मनात म्हटलं होतं, सगळं पुन्हा शोधत बसावं लागतं आणि त्यातच ती सकाळ जाते. म्हणून रोज किती लिहिता यापेक्षा रोज बसता की नाही, याला मी जास्त किंमत देतो. अर्धं पान झालं तरी चालेल. मी पहाटे बसतो, कारण तेव्हा घरातलं कुणी काही मागत नाही. कुणाला रात्र मानवते, कुणाला दादर ते कर्जत लोकलमध्ये मोबाइलवर लिहिणं जमतं. फक्त वेळ एकच ठेवा, म्हणजे घरच्यांनाही सवय होते.

बसल्यावर कालचं शेवटचं पान तेवढं वाचायचं, पहिल्या प्रकरणाकडे वळायचं नाही. पहिलं प्रकरण घासूनपुसून लखलखीत आणि दुसऱ्याचा पत्ता नाही, अशा कितीतरी कादंबऱ्या लोकांच्या कपाटात पडून आहेत. उठायचं ते पुढचं वाक्य माहीत असताना. प्रसंग पुरा करून उठलात तर दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदापुढे बसावं लागतं. अर्ध्यावर सोडलात तर बसस्टॉपवर उभं असतानाही पात्रं आपापसात बोलत राहतात.

आता माहिती गोळा करण्याबद्दल, कारण नवे लोक इथेच सगळ्यात जास्त रमतात. माझी एक कादंबरी एसटीतल्या कंडक्टरवर आहे. त्यासाठी मी एका निवृत्त कंडक्टरांकडे बसायला जायचो. सुरुवातीला मी विचारायचो, संपाच्या वेळी काय वाटलं, इतकी वर्षं फिरून काय वाटतं. असं विचारलं की माणूस भाषण करतो. मग प्रश्न बदलले: मुक्कामी गाडी गावात पोचल्यावर आधी काय करायचात? कॅश कुठे ठेवायचात? आणि ते सांगायला लागले. उन्हाळ्यात झोपायचं गाडीच्या टपावर, कॅशच्या बॅगेचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन. तिकिटाचं मशीन येण्याआधी हातात ट्रे असायचा, त्यात वेगवेगळ्या किमतींच्या तिकिटांचे गठ्ठे. भाड्याची रक्कम जुळवायला कधी दोन, कधी तीन तिकिटं फाडून पंच करायची. टप्पा बदलला की प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या तिकिटाचा नंबर वेबिलावर, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाच्या कागदावर, चढवायचा. घाटात, उभ्या गर्दीत, गाडी वळणं घेत असताना. तेवढ्यात लाइन चेकिंगवाले चढले आणि वेबिल मागच्या टप्प्यावरच राहिलेलं असलं, तर काय? हे सांगताना त्यांची बोटं हवेत गठ्ठे चाळत होती. माझं एक अख्खं प्रकरण त्या बोटांतून निघालं.

पण वहीतली बहुतेक माहिती वहीतच राहते, आणि ती राहू द्यावी. सगळंच घालायचा मोह झाला की कादंबरीची पुस्तिका होते, महामंडळाच्या माहिती खात्यानं काढल्यासारखी.

एक कंटाळवाणं काम मात्र टाळू नका: सनावळ्यांचा तक्ता. डावीकडे वर्षं, वर पात्रांची नावं, चौकटीत प्रत्येकाचं वय. पहिली एसटी 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर धावली. माझ्या कंडक्टरचा बाप ती पाहिल्याची फुशारकी मारतो. मग तेव्हा तो किती वर्षांचा होता, आणि 2021 च्या संपात त्याचा मुलगा अजून नोकरीत असेल का? तक्ता मांडल्यावर कळलं की संपात मुलगा नव्हे, नातू लागणार. एक पिढी वाढली आणि गोष्टच बदलली, माझ्या मते चांगल्यासाठी.

भाषेचा निर्णयही लवकर घ्या. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, की सगळंच बोलीत? दोन्ही चालतं. सोलापूरकडचा कंडक्टर रत्नागिरी डेपोत आला तर तो कुठल्या लोकांशी कसा बोलेल, हे कानानं ठरवायचं असतं. संवाद मोठ्यानं वाचा. घरचे हसतील, हसू द्या. गोष्ट मात्र लिहून होईपर्यंत कुणाला सांगू नका. चार जणांना सांगून झाली की वाफ निघून जाते आणि लिहायला जोर उरत नाही.

साधारण एक तृतीयांश कादंबरी झाली की आपण लिहिलेलं सगळं भिकार वाटायला लागतं. हे सगळ्यांचं होतं. त्या दिवसांत नवी, अधिक चांगली कादंबरी सुचते. तिच्यासाठी एक ओळ टिपून ठेवा आणि जुन्याच कादंबरीला चिकटून राहा.

पहिला खर्डा झाल्यावर महिनाभर तरी बाजूला ठेवा, मग छापून काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. पडद्यावर जे खपून जातं ते कागदावर डोळ्यात खुपतं. माझी पात्रं फार चहा पितात, हे मला दर वेळी कागदावरच दिसतं. प्रसंगाची पहिली दोनचार वाक्यं बहुतेकदा निघू शकतात. श्री. पु. भागवतांसारखे लेखकाबरोबर हस्तलिखित घेऊन बसणारे संपादक आता क्वचित भेटतात. म्हणून आपले दोनतीन वाचक आपणच शोधायचे. त्यांतला एक तरी असा हवा, जो ‘छान आहे’ म्हणून सुटका करून घेणार नाही. त्याला इतकंच विचारा: कुठे कंटाळलास?

टाइप युनिकोडमध्येच करा. काही ठिकाणी जुळणी अजून जुन्या फाँटमध्ये होते आणि तिथे मजकूर बदलताना ‘ऱ्या’ आणि रफार मोडतात, तेव्हा प्रुफं स्वतः वाचायची. प्रकाशकाकडे थेट गठ्ठा पाठवू नका. दोन पानांचा सारांश, पहिली तीन प्रकरणं आणि एक साधं पत्र पुरतं. उत्तराला महिनोन् महिने लागतात. तोवर दुसरं काही लिहायला घ्या. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा, तिच्यात कादंबरीही बसते. छपाईचे पैसे तुम्हालाच मागणारे भेटतील. द्यायचे असतील तर द्या, पण आपण स्वखर्चानं पुस्तक काढतोय हे समजून.

कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. तरी करार नीट वाचा. किती प्रतींची आवृत्ती, रॉयल्टी छापील किमतीवर की सवलत वजा करून, हिशोब वर्षातून किती वेळा मिळणार, हे आकड्यांत हवं. अनुवाद, ऑडिओबुक आणि चित्रपटाचे हक्क वेगवेगळ्या ओळींवर लिहून घ्या. ‘सर्व हक्क’ असे दोन शब्द कुठे दिसले, तर सही करण्याआधी फोन करून विचारा, आणि फोनवर जे सांगतील ते कागदावर मागा.