प्रोजेक्ट जुन्या नोकरीतलाच घ्या

अकाउंट्समधून सॉफ्टवेअरकडे वळताय? मग पोर्टफोलिओत टू-डू लिस्टचं अ‍ॅप नको, ते प्रत्येक फ्रेशरकडे असतं. महिन्याच्या १४ तारखेला तयार होणारी जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांची यादी) आणि तुमचं खरेदी रजिस्टर जुळवणारा छोटा पायथन प्रोग्राम लिहा. खरी गंमत बिल नंबरात आहे: पुरवठादार '००४५' लिहितो, आपल्या एक्सेलमध्ये त्याचं नुसतं '४५' होतं आणि जुळणी फसते. पांडासमध्ये (पायथनची तक्ते हाताळणारी लायब्ररी) बिल नंबराचा कॉलम आकडा म्हणून न वाचता मजकूर म्हणून वाचा, मग दोन्हीकडची सुरुवातीची शून्यं काढून टाका. असली खोच कॉम्प्युटर सायन्सवाल्याला सहसा ठाऊक नसते. मुलाखतीत तीच सांगा. कोड गिटहबवर (कोड सगळ्यांना दाखवता येणारी साइट) टाका, पण डेटा बनावट हवा. क्लायंटचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) चुकूनही नको.