ईव्ह ऑनलाइनमध्ये एकाच वेळी अनेक खाती कशी चालवावीत
आइसलँडच्या सीसीपी कंपनीने २००३ मध्ये आणलेल्या ईव्ह ऑनलाइन या अंतराळजहाजांच्या ऑनलाइन खेळात एकाच व्यक्तीला अनेक खाती एकदम चालवता येतात. मात्र ती सर्व सशुल्क ओमेगा दर्जाची लागतात, कारण मोफत अल्फा खाते दुसऱ्या खात्याबरोबर उघडता येत नाही. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड देऊन ती एकाच लाँचरमध्ये (खेळ सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) जोडावीत आणि स्वतंत्र विंडोंमध्ये सुरू करावीत. दुय्यम विंडोंचे ग्राफिक्स किमान पातळीवर ठेवावे. ओव्हरव्ह्यूची, म्हणजे आसपासची जहाजे व वस्तू दाखवणाऱ्या यादीची, चौकट प्रत्येक विंडोत नेमक्या त्याच जागी असावी, म्हणजे खाणकाम चालू असताना अनोळखी जहाज दिसले आणि घाईने विंडो बदलावी लागली, तरी नजर शोधाशोध करत नाही. माझ्या मते सर्वांत मोलाची तयारी हीच. एका कळीने सर्व जहाजांना आज्ञा देणारी सॉफ्टवेअर २०१५ पासून निषिद्ध आहेत, त्यामुळे प्रत्येक विंडोतील आज्ञा स्वतंत्रपणे आणि स्वहस्तेच द्यावी.