जामीन राहायचं का? निर्णयासाठी देवाकडे ज्ञान मागताना

‘देवा, ज्ञान दे, मार्ग दाखव’ एवढीच प्रार्थना वर्षानुवर्षं करणारे पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही, पण ती इतकी मोघम असते की उत्तर आलं तरी ओळखू येत नाही. ज्ञान कमी पडत असेल तर देवाजवळ मागा, तो दोष न लावता देतो, हे बायबलच्या याकोब १:५ मधलं आश्वासन परीक्षांबद्दल बोलता बोलता आलेलं आहे. तेव्हा समोरचा खरा पेच घेऊनच बसावं. नेहमीचाच एक घेऊ: चुलतभावाला पतसंस्थेकडून ५ लाखांचं कर्ज हवंय, जामीनदार म्हणून तुमची सही मागतोय आणि शनिवारी कागद द्यायचे आहेत.

बसण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा. पहिली, प्रश्न एका वाक्यात. दुसरी, माहीत असलेली वस्तुस्थिती: हप्ता किती, त्याची कमाई किती, आधीची कर्जं कोणती. जे माहीत नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह करा आणि ते फोन करून विचारून घ्या. जे विचारून कळतं त्यासाठी दर्शनाची वाट बघू नये. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, हे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ मध्येच आहे. ‘नुसती सही आहे रे’ हे वाक्य तिथेच निकालात निघतं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड: तुम्हाला आतून काय हवंय आणि कशाची भीती वाटते.

आता प्रार्थना. सकाळी, फोन हातात घेण्याआधी, वीसेक मिनिटं पुरतात. शब्द साधे असू द्या: ‘प्रभू, सही करावी की नाही, मला कळत नाही. नाही म्हटलं तर भावकीत वाईटपणा येईल याची भीती वाटते. हो म्हटलं तर मुलीच्या फीचे पैसे अडकतील. मला मोठेपणाही हवाय, तो बाजूला कर. भावाचं खरं भलं कशात आहे ते दाखव.’ गिबोन गावात शलमोन राजाने असंच मागितलं (१ राजे ३). आपण लहान आहोत, काय करावं ते समजत नाही, ही कबुली आधी. मग हातातल्या कामापुरतीच, प्रजेचा न्याय करता येईल अशी, मागणी.

मागून झालं की वाचा. बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाचे ३१ अध्याय आहेत, रोज एक हा जुना क्रम चांगलाच. पण पेच असेल तेव्हा विषयाची वचनं शोधून वाचावीत. जामिनाबद्दल ६:१-५, ११:१५, १७:१८ आणि २२:२६-२७ आहेतच, आणि ती बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा कडक आहेत. त्यांच्या शेजारी ३:२७ ठेवा: हात पोचत असेल तर ज्याचं भलं करायला हवं त्याचं करायचं राहू देऊ नको. दोन्ही बाजूंची वचनं वाचल्याशिवाय उठू नये. त्याच पुस्तकात २६:४ मूर्खाला उत्तर देऊ नको म्हणतं आणि २६:५ दे म्हणतं. कुठलं कधी लागू, हे समजण्यासाठीच तर मागायचं असतं.

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन धरायचं, किंवा चिठ्ठ्या टाकायच्या, हे टाळा. मनासारखं वचन येईपर्यंत पानं उलटली जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लोकरीवर दव पडू दे, भोवतालची जमीन कोरडी राहू दे, अशी खूण देवाकडे मागणाऱ्या गिदोनाचा दाखला देतात, पण काय करायचं ते देवाने त्याला आधीच सांगितलं होतं (शास्ते ६); लोकर त्याच्या शंकेसाठी होती. नव्या वर्षाच्या उपासनेत मिळालेलं वचनाचं कार्ड भिंतीवर जरूर लावा, पण त्यावर बघून कर्जाचे कागद भरू नका.

याच्या उलट चूक यहोशवा ९ मध्ये आहे. गिबोनी लोकांनी आपण दूर देशाहून आलोय असं भासवायला बुरसटलेली भाकर, फाटके बुधले, ठिगळांच्या वहाणा दाखवल्या. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी शिधा तपासला, परमेश्वराला विचारलं नाही आणि त्यांना जिवंत ठेवण्याची शपथ घेऊन बसले. तीन दिवसांनी कळलं की हे शेजारचेच. पुरावा डोळ्यांना पटला की प्रार्थना राहून जाते, ती अशी.

सल्ला दोघातिघांचा घ्या: नवरा किंवा बायको, पाळक, आणि कर्जाचे व्यवहार समजणारं कोणी. तिघेही तुमच्याच बाजूचे नसावेत. प्रार्थना सभेत विषय मांडताना भावाचं नाव आणि आकडा सांगू नका. प्रार्थनेचा विषय म्हणून सुरू झालेली गोष्ट रविवारपर्यंत गावभर होते.

मग जे सुचलंय ते याकोब ३:१७ वर घासून बघा. ते निर्मळ आहे का, शांतीचं आहे का, दुसऱ्याचं ऐकून घेणारं आहे का, दयेचं आहे का, त्यात पक्षपात किंवा ढोंग नाही ना? ‘नाही’ बरोबर असेल, पण ते जुना राग काढण्यासाठी असेल तर पुन्हा बसा. आणि ‘प्रभूने मला सांगितलं’ हे वाक्य घरात जपून वापरा. त्यापुढे कुणाला बोलताच येत नाही.

किती दिवस थांबायचं, याला ठरावीक माप नाही. पारसाच्या राजाचा प्यालेबरदार नहेम्या याला यरुशलेमचा पडका कोट बांधायचा होता. त्याची पहिली प्रार्थना यहुदी पंचांगातल्या किसलेव महिन्यातली आणि राजाशी बोलणं नीसानात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. पण राजाने ‘काय हवंय?’ विचारलं तेव्हा त्याने त्याच क्षणी मनात प्रार्थना केली आणि उत्तर दिलं. मुदत, सुभेदारांसाठी पत्रं, राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्याकडचं लाकूड, सगळं त्याच्या तोंडावर तयार होतं. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तापलेल्या मेसेजला उत्तर देण्याआधी एवढी एका श्वासाची प्रार्थना पुरते.

शनिवार आला आणि मन अजून डळमळीत असेल, तर जो निर्णय नंतर बदलता येतो तो घ्या. आज ‘नाही’ म्हटलेलं उद्या बदलता येतं. केलेली सही पतसंस्था सहजासहजी सोडत नाही. नकार फोनवर नको, भावाच्या घरी जाऊन द्या, आणि परत आले नाहीत तरी चालतील एवढे पैसे, दहा हजार असोत की दोन, जाताना बरोबर घेऊन जा.