अंधारीत उतरण्याआधीची तयारी

येत्या रविवारी आमच्या परभणीच्या डी अँड डीच्या (फासे टाकत, पात्रं वठवत खेळायचा खेळ) टेबलावरचे पाचही जण खेळातल्या किल्ल्याच्या भुयारात शिरणार आहेत. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, तो किल्ला सरळ देवगिरीवरून उचललाय. दौलताबादच्या अंधारीतून, म्हणजे त्याच किल्ल्यातल्या काळोख्या भुयारातून, मशाल घेऊन जो गेलाय त्याला वेगळं सांगायला नको. वळणं कळत नाहीत, पायऱ्यांची उंची सारखी नाही, आणि वरच्या तोंडाला शेगडी पेटवून सगळा बोळ धुरानं भरायची सोय. मागच्या खेपेला अशाच एका बोळात न दिसणाऱ्या शत्रूमुळं आम्ही आमचा क्लेरिक (मंत्र घालणारा पुजारी) गमावला. तीन फेऱ्या (फेरी म्हणजे प्रत्येकाची एकेक पाळी) आम्ही हवेत तलवारी फिरवत होतो. त्यातून शिकलेलं सगळं इथं लिहून काढतोय. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४चे नियम धरलेत, कारण आम्ही तेच खेळतो.

सगळ्यात आधी डीएमशी बोलून घ्या, तेही खेळ सुरू होण्याआधी. अदृश्य असणं आणि लपलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक टेबलं इथंच चुकतात. अदृश्य प्राणी दिसत नाही, पण त्याचा आवाज येतो, माग उमटतो. तो कुठं आहे हेच कळू नये असं त्याला वाटत असेल, तर त्याला हाइड ॲक्शन (पाळीतली लपायची चाल) घ्यावी लागते आणि त्याची स्टेल्थ (लपण्याचा फासा) तुमच्या पॅसिव्ह पर्सेप्शनपेक्षा (फासा न टाकता धरलेला तुमचा चाहूल घ्यायचा आकडा) वर जावी लागते. ज्या फेरीत त्यानं लपायला ॲक्शन खर्च केली, त्या फेरीत त्याचा मार तुम्हाला बसत नाही. म्हणून डीएमला स्पष्ट विचारा: तो लपला नसेल तर आम्हाला नकाशावरचा त्याचा चौकोन माहीत असेल ना? उत्तर ‘हो’ आलं तर निम्मी लढाई सोपी झाली. वार करताना डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान आकडा धरणं) राहीलच आणि त्याचे वार ॲडव्हान्टेजनं (दोनातला मोठा आकडा धरून) येतील, पण निदान वार योग्य जागी पडेल. जागा माहीत नसताना चुकीच्या चौकोनावर वार केला, तर फाशावर वीस, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा, आला तरी तो फुकट. डीएम फक्त ‘चुकला’ एवढंच म्हणतो, जागा चुकली की नेम चुकला हे सांगत नाही. आमच्या तीन फेऱ्या अशाच गेल्या.

दुसरं, समोर नेमकं काय आहे ते ओळखा. इम्प (छोटा सैतान) किंवा ड्वेरगार (भुयारात राहणारा बुटका) असेल तर त्यानं पहिला वार केला की तो दिसतो, मग ती नेहमीचीच लढाई. इनव्हिजिबल स्टॉकरची गोष्ट वेगळी. तो हवेचा बनलेला, कायम अदृश्य, १०४ हिट पॉइंट्सचा (एवढा मार सोसणारा), एका फेरीत ५० फूट उडणारा, आणि स्टेल्थला +१०. ज्याच्या मागे त्याला लावलंय त्याची दिशा आणि अंतर त्याला कायम ठाऊक असतं, त्यामुळं पळून सुटका नाही. साध्या शस्त्रांचा मार त्याला निम्माच लागतो. निघण्याआधी फायटरच्या (आपल्या लढवय्याच्या) हातात जादूची तलवार आहे का ते बघा. नसेल तर कुणाला तरी मॅजिक वेपन (साध्या शस्त्राला जादू देणारा मंत्र) तयार ठेवायला सांगा.

आता पिशवीत काय घ्यायचं. पीठ. आमच्याकडं जवारीचं, खेळात दोन तांब्याच्या नाण्यांना पौंडभर मिळतं ते कुठलंही चालेल. जमिनीवर पसरलेल्या पिठात ड्वेरगारची पावलं उमटतात. उडणाऱ्याची उमटत नाहीत, हे आधीच लक्षात ठेवा. हवेत उधळलेलं पीठ अंगाला चिकटेल की नाही यावर पुस्तकात नियम नाही, तो निर्णय डीएमचा. म्हणून तेही आधीच विचारा, ऐन लढाईत वाद नको. बॉल बेअरिंग्जची पिशवी एका सोन्याच्या नाण्याला हजार गोळ्यांची येते आणि १० फुटांचा चौकोन व्यापते. चालणारा शत्रू त्यावर घसरू शकतो. स्टॉकर तरंगतो, शिवाय त्याला पाडताही येत नाही, त्यामुळं त्याच्यासाठी ती काढूच नका. दोरी आणि घंटा मात्र प्रत्येक वेळी घ्या. रानडुकरं येतात म्हणून बांधावरच्या तारेला रिकामे डबे बांधलेले आपण लहानपणापासून बघतोय. मुक्कामाच्या जागेभोवती तशीच दोरी फिरवली, पायाशी एक आणि छातीच्या उंचीवर एक, तर पहारेकऱ्याला जाग येते. उडणाराही बोळात त्या दोरीला अडकू शकतो.

स्पेल्सची (मंत्रांची) निवड सकाळीच करावी लागते, म्हणून ती यादी आदल्या रात्री ठरवा. फेअरी फायर मिळत असेल तर तोच पहिला. पहिल्या लेव्हलचा आहे, २० फुटांचा घन व्यापतो आणि लक्ष्य दिसण्याची गरज नाही. त्यात सापडलेल्याच्या अंगाला चमकती कडा येते, अदृश्यतेचा फायदा उरत नाही, उलट त्याच्यावरचे वार ॲडव्हान्टेजनं होतात. पण सेव्ह (त्यातून वाचायचा फासा) डेक्स्टेरिटीचा, म्हणजे चपळाईचा, आहे आणि स्टॉकरला त्यात +४ मिळतात. तुमचा डीसी (वाचायला त्यानं गाठायचा आकडा) १४ असेल तर वीसपैकी नऊ वेळाच तो फसणार. म्हणून ड्रुइड आणि बार्ड या मंत्र येणाऱ्या दोन्ही पात्रांकडं तो स्पेल असू द्या. विझार्डनं (जादूगारानं) सी इनव्हिजिबिलिटी, म्हणजे अदृश्य ते दाखवणारा स्पेल, घ्यावा: एक तास टिकतो, कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला लक्ष एकवटून ठेवणं) लागत नाही, फक्त दिसतं ते त्याला एकट्यालाच. म्हणजे त्या तासात विझार्डचं खरं काम बोट दाखवणं. ‘डाव्या खांबापाशी, दोन हात वर’ असं ओरडून सांगायची सवय आधी करा, नाहीतर त्याला सगळं दिसतं आणि बाकीचे चाचपडत राहतात. ज्या स्पेल्सना ‘दिसणारं’ लक्ष्य लागतं, म्हणजे सेक्रेड फ्लेम, होल्ड पर्सन, मॅजिक मिसाइल, ते बाकीच्यांच्या यादीतून काढून टाका. आमच्या क्लेरिककडं लढायला सेक्रेड फ्लेमच होता. फायरबॉलला लक्ष्य दिसायची गरज नाही, पण तो वळणावरूनही पसरतो, तेव्हा बोळात आपली माणसं कुठं उभी आहेत ते मोजून मगच टाका.

धुराबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. देवगिरीच्या शेगडीनं जे होतं तेच फॉग क्लाउड हा धुक्याचा स्पेल करतो: कुणालाच काही दिसत नाही. स्टॉकरला अंधारात दिसतं, धुक्यात नाही. दोघंही आंधळे झाले की ॲडव्हान्टेज आणि डिसॲडव्हान्टेज एकमेकांना खाऊन टाकतात, फासा सरळ पडतो. हातात फेअरी फायर नसताना पहिल्या लेव्हलच्या एका स्पेलनं त्याचा मोठा फायदा हिरावून घेता येतो. दोन्ही एकत्र मात्र कधीच नको. धुक्यात ती चमकती कडा दिसणार नाही आणि स्पेल वाया जाईल.

उभं राहायचं ते भिंतीला पाठ लावून, जोडीजोडीनं. वार करायला स्टॉकरला पाच फुटांवर यावंच लागतं, म्हणून ज्याला मार बसला त्याच्या आसपासच तो आहे. फायटरनं रेडी ॲक्शन (ठरलेली गोष्ट घडेपर्यंत वार राखून ठेवायची चाल) घ्यावी: ‘मला किंवा शेजारच्याला मार बसला की ज्या बाजूनं आला तिकडं वार.’ रेडीवर एकच वार मिळतो, दुसरा नाही, तरी हवेत दोन मारण्यापेक्षा तो बरा. तो निसटून जाताना ऑपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे निघून जाणाऱ्यावरचा जादा वार, मिळत नाही, कारण त्यालाही दिसणारा शत्रू लागतो. त्या भरवशावर फळी रचू नका. धरून ठेवायचा विचार करत असाल तर इम्पवर जरूर करा, ग्रॅपलला (धरून ठेवायला) अटॅक रोल, म्हणजे वाराचा फासा, लागत नाही. स्टॉकर हातात सापडत नाही.

राहिलं शेवटचं. स्टॉकरला कॉमन, म्हणजे खेळातली सगळ्यांची भाषा, समजते, बोलतो तो ऑरन, हवेच्या प्राण्यांची भाषा. आमच्यातल्या एकीला ऑरन येते. तिला मी आजच सांगून ठेवलंय की पहिल्या फेरीत तलवार उपसायच्या आधी त्याला त्याच्याच भाषेत विचार, तुला कुणी पाठवलं.