पाण्याचा नकाशा काढायचाय? ठिपके नंतर, आधी हंडा कुठे जातो ते बघा

बरेच जण मोबाईल काढतात आणि दिसेल त्या हापशाचा, विहिरीचा जीपीएस पॉइंट घेत सुटतात. नकाशा मस्त दिसतो पण त्यातल्या किती ठिकाणचं पाणी लोक खरंच पितात हे कुठेच कळत नाही. म्हणून सुरुवात घरांपासून करा.

आणि विचारायचं कोणाला, तर जी व्यक्ती पाणी भरते तिला. घरातला कर्ता माणूस "नळाचं पितो" असं ठोकून देतो आणि तिकडे बाई रोज विहिरीवर जात असते. "पाणी कुठून आणता" असं मोघम विचारू नका, "काल प्यायचं पाणी कुठून आणलं" असं विचारा, मग "उन्हाळ्यात कुठून" आणि "हे बंद पडलं तर कुठे जाता", कारण एकाच घराचे दोन-तीन सोर्स असतातच.

मग त्या पाणवठ्यावर जा. कोबोकलेक्ट किंवा ओडीके कलेक्ट या मोबाईलवर सर्व्हे भरायच्या अ‍ॅपमध्ये फॉर्म आधी डाउनलोड करून ठेवा, रेंज नसली तरी चालतं. जीपीएसची अ‍ॅक्युरसी ५ मीटरच्या आसपास येईपर्यंत थांबा, झाडाखाली ती लवकर येत नाही. फोटो, तारीख, आणि आत्ता पाणी येतंय का हे स्वतः हापसून बघा (ऐकीव माहितीवर "चालू" लिहू नका प्लीज).

अंतर सरळ रेषेत मोजू नका, मध्ये ओढा असतो, चढ असतो. १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्यात जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यू आणि पंप नकाशावर मांडले तेव्हा त्यानेही नंतर चालत जायला कुठला पंप जवळ पडतो याची रेघ ओढली होती. डब्ल्यूएचओ-युनिसेफचा निकष जाणं, रांग, येणं मिळून ३० मिनिटांचा आहे, त्यामुळे एकदा हंडा घेऊन सोबत चालाच, रांगेतच निम्मी माहिती मिळते.

पाणी नितळ आहे म्हणून "शुद्ध" लिहू नका. फ्लोराइड (मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम) आणि आर्सेनिक (०.०१) डोळ्यांना दिसत नाहीत. टेस्ट झाली असेल तर तारखेसकट रिझल्ट, नसेल तर "तपासलं नाही".

शेवटी क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वस्तीपासून पाणवठ्यापर्यंत रेघा ओढा, मेन सोर्सची जाड, पर्यायी सोर्सची तुटक. ओपनस्ट्रीटमॅपवर (सगळ्यांना खुला असलेला ऑनलाइन नकाशा) टाकायचं तर फक्त विहिरी-नळ टाका, घरांची माहिती अजिबात नको. आणि फेब्रुवारीत केलेला नकाशा मे महिन्यात परत एकदा चालून बघा.