गेमिंग पीसीसाठी रॅम आणि मदरबोर्ड घेताना या चुका टाळा

गेमिंगसाठी पीसी बांधायचा म्हटलं की ग्राफिक्स कार्डाचा अभ्यास महिनोन्महिने चालतो. मदरबोर्ड आणि रॅम मात्र शेवटच्या दिवशी, उरलेल्या पैशांत, घाईघाईत उरकले जातात. पुढे गेम मध्येच अडकायला लागला की दोष कार्डाला. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींची मुळं बहुतेक वेळा या दोनच वस्तूंत सापडतात आणि चुकाही त्याच त्या असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

आत्ता एक जोडी, नंतर तशीच दुसरी

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि नेमकी हीच सगळ्यांना शहाणपणाची वाटते. आज ८ जीबी रॅमच्या दोन स्टिक (पट्ट्या) घ्यायच्या, पुढच्या वर्षी तशाच आणखी दोन लावायच्या.

माझ्या भाच्याने असंच केलं होतं. डीडीआर४ पिढीची, ३२०० वेगाची, सीएल१६ची जोडी आधी होतीच (सीएल म्हणजे डेटा यायला लागणारे घड्याळाचे ठोके). वर्षभराने त्याच कंपनीची, त्याच मॉडेल क्रमांकाची दुसरी जोडी आणून लावली. पीसी सुरू झाला, विंडोजमध्ये ३२ जीबी दिसली, सगळं छान. मग गेम अर्ध्या तासाने आपोआप बंद पडायला लागला. कधी निळी स्क्रीन, कधी नुसताच डेस्कटॉप. त्याने ड्रायव्हर बदलले, विंडोज पुन्हा टाकलं, शेवटी ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत पाठवलं. ते ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आलं. तेव्हा मला फोन: “मावशी, कार्ड तर ठीक आहे म्हणतात, मग गेलंय काय?”

मी रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवायला सांगितलं. सकाळी स्क्रीनवर लाल ओळींची रांग होती. मग एकेक जोडी वेगळी तपासली, तर दोन्ही स्वच्छ. चारही स्टिक एकत्र बसवल्या की चुका पुन्हा हजर. सीपीयू-झेड या पीसीची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एसपीडीचा, म्हणजे प्रत्येक स्टिकच्या माहितीचा, टॅब उघडला तेव्हा उलगडा झाला. जुन्या जोडीवर हायनिक्सच्या चिप होत्या, नव्या जोडीवर मायक्रॉनच्या. स्टिकर एकच, आतला माल वेगळा.

रॅम विकणाऱ्या बहुतेक कंपन्या चिप स्वतः बनवत नाहीत. त्या सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन अशांकडून घेतात आणि मॉडेल क्रमांक तोच ठेवून आतली चिप बदलू शकतात. पाकिटावरचा वेग तपासलेला असतो तो त्या पाकिटातल्या स्टिकपुरता. शिवाय दोनऐवजी चार स्टिक लावल्या की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवरचा भार वाढतो. डीडीआर५मध्ये हा फरक फारच जाणवतो. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसर मालिकेचा अधिकृत वेग दोन स्टिकवर ५२०० आहे, चार स्टिकवर फक्त ३६००. त्याहून वर चालल्या तर ते तुमचं नशीब.

भाच्याच्या पीसीवर वेग २९३३ वर आणल्यावर चुका थांबल्या, पण शेवटी त्याने दोन्ही जोड्या विकून १६-१६ची एकच जोडी घेतली. विंडोजही पुन्हा टाकावं लागलं, कारण बिघडलेल्या मेमरीतून डिस्कवर लिहिलेल्या फाइलींचा भरवसा धरता येत नाही.

म्हणून माझं सांगणं ठाम आहे: जेवढी रॅम लागणार तेवढी पहिल्याच दिवशी, दोन स्टिकच्या एकाच पाकिटात घ्या. आजच्या गेमसाठी १६-१६ पुरे. पैसे कमी पडत असतील तर कॅबिनेट साधं घ्या, दिवे सोडा, पण अर्धी रॅम घेऊन ठेवू नका.

पिढी न बघता रॅम घेणं

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. स्टिक बसत नसेल तर जोर लावू नका, ती त्या बोर्डाची नाही. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या एलजीए१७०० वर, म्हणजे बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी, दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात आणि नावं जवळजवळ सारखी असतात. नावाच्या शेवटचं ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ वाचायची सवय लावा.

एकच स्टिक, किंवा दोन स्टिक चुकीच्या स्लॉटमध्ये

चॅनेल म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यातला डेटाचा रस्ता. एका चॅनेलची रुंदी ६४ बिट. दोन स्टिक दोन चॅनेलवर असतील तर १२८. एकाच स्टिकवर तुम्ही अर्धी बँडविड्थ सोडून देता आणि ग्राफिक्स कार्ड नसेल, प्रोसेसरच्या आतल्याच ग्राफिक्सवर खेळत असाल, तर गेम अक्षरशः रांगतो. ‘डीडीआर५ची एक स्टिक म्हणजेच ड्युअल चॅनेल’ हे हल्ली बरेच जण सांगतात, ते खरं नाही. तिच्या आत ३२ बिटचे दोन उपचॅनेल असतात, बेरीज ६४च.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक जातात प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, ए२ आणि बी२. शेजारी-शेजारी नाही. मॅन्युअलमध्ये याचं चित्र असतं. मॅन्युअल न उघडता बोर्डाला हात लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

एक्सएमपी किंवा एक्स्पो चालूच न करणं

६००० लिहिलेली रॅम लावली म्हणून ती ६००० वर धावत नाही. पाकिटावरचा वेग हा ओव्हरक्लॉकचा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाचा, प्रोफाइल असतो, इंटेलवर एक्सएमपी आणि एएमडीवर एक्स्पो. तो बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावा लागतो. नाहीतर डीडीआर५ बऱ्याचदा ४८०० वर आणि डीडीआर४ २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे वेग बघा. सीपीयू-झेडमध्ये ६०००च्या रॅमला ३००० दिसलं तर घाबरू नका. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो, त्यामुळे तो आकडा निम्माच असतो.

फक्त वेगाचा आकडा बघणं

सीएल बघा. २००० ला वेगाने भागा आणि सीएलने गुणा, नॅनोसेकंद मिळतात. ६००० सीएल३० म्हणजे १०. ५२०० सीएल४० म्हणजे १५च्या वर. जुनी ३२०० सीएल१६सुद्धा १०च देते. एएम५वर मी डोळे झाकून ६००० सीएल३० सुचवते. त्याहून वेगवान पाकिटांच्या मागे लागण्यात पैसे जातात आणि झोपही.

दिवे बघून बोर्ड निवडणं

मी आधी चिपसेट, म्हणजे बोर्डावर काय काय जमेल ते ठरवणारी चिप, बघते, मग प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, म्हणजे व्हीआरएम. त्यावर हीटसिंक, म्हणजे उष्णता काढणारा धातूचा भाग, नसलेला स्वस्त बोर्ड आणि वर जास्त वीज खाणारा प्रोसेसर ही जोडी लावली की गेम रंगात आला की वेग खाली येतो. लोक मग कूलर बदलत बसतात.

चिपसेटमध्येही फरक आहेत. इंटेलच्या एच६१० वर मेमरी ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ६०००ची रॅमसुद्धा प्रोसेसरच्या अधिकृत वेगापर्यंतच जाते. बी६६० आणि बी७६० वर मेमरीचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा मात्र झेड मालिकेवरच. एएमडीच्या बी६५० वर दोन्ही जमतं. नावात ‘के’ नसलेल्या, म्हणजे वेग वाढवता न येणाऱ्या, प्रोसेसरसाठी झेड बोर्ड घेणं मला तरी पटत नाही.

आणि बायोसची आवृत्ती विचारा. बी६५० चे बोर्ड २०२२चे, रायझन ९००० आले २०२४ मध्ये. जुना साठा असेल तर नवा प्रोसेसर बायोस अपडेट केल्याशिवाय सुरूच होणार नाही. फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या, म्हणजे पेनड्राइव्हवरून हे काम होतं.

पहिल्यांदा चालू करून लगेच बंद करणं

एएम५वर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी जुळवून घेतो. काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, डीरॅमचा दिवा पेटलेला असतो. नवखे लोक ३० सेकंदांत घाबरून वीज बंद करतात, ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि ‘बोर्ड मेला’ म्हणून फोन येतात. १५ मिनिटं हात लावू नका. तरी काही दिसलं नाही तर एकच स्टिक ए२मध्ये ठेवा, विजेची वायर काढून सीएमओएस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळपदावर आणा, आणि पुन्हा थांबा.

छोट्या चुका, पण दिवस खातात

उंच हीटसिंकची रॅम घेण्याआधी एअर कूलरखाली किती मिलीमीटर जागा आहे ते मोजा.

काही बोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची जागा) वापरला की साटाचे, म्हणजे हार्ड डिस्क जोडायचे, काही पोर्ट बंद होतात. जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली तर आधी हे तपासा.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, बोर्डाला नाही. हे अजूनही सांगावं लागतं.

आणि सगळं जोडून झालं, एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केलं, की विंडोज टाकण्याआधी मेमटेस्ट८६चे चारही पास पूर्ण होऊ द्या. एक जरी चूक निघाली तरी आधी बायोस अपडेट करून बघा. तरीही निघत राहिली तर परतीची मुदत असेपर्यंतच ती जोडी बदलून घ्या.