नोकरी सांभाळून कविता : मला लागू पडलेला उपाय

कामाच्या धबडग्यात सलग तास-दोन तास मिळणं अशक्यच. मग मी वेळ शोधण्याऐवजी कवितेचा आकार बदलला. मुक्तछंदाला माझ्यापुरता विराम दिला आणि अष्टाक्षरीकडे वळले. चरणात फक्त 8 अक्षरं. कागद नसला तरी ओळ डोक्यात राहते, बोटांवर मोजता येते. प्रवासात, रांगेत, जिना चढताना घोळवता येते.

अलीकडची एक जोडी अशी जमली :

दिवसाच्या पायऱ्यांना
उन्हाने ठेविले डोके

‘ठेविले’ खटकत होतं. आजच्या बोलण्यात ते नाही, केवळ अक्षरं भरायला आलेलं. पण दुसरा शब्दही तीनच अक्षरांचा हवा! दुपारी मीटिंगला जाताना ‘टेकले’ सुचलं आणि त्या उन्हाचा थकवाच ओळीत उतरला. एवढ्या एका शब्दाने दिवसभर बरं वाटलं.

लिहिणं आणि तासणं वेगळं ठेवलं, हेही महत्त्वाचं. सुचलेलं लगेच मोबाईलवर रेकॉर्ड करते, तेव्हा काटछाट नाही. सुट्टीच्या सकाळी ते ऐकून वहीत उतरवते, मोठ्याने वाचते. जीभ अडखळली की तिथे काम बाकी आहे असं समजायचं. (वहीच हवी, खोडलेला शब्द दिसत राहतो, कधी तोच परत घ्यावासा वाटतो.)

कामाचा फारच ताण असेल त्या आठवड्यात नवं काही लिहीत नाही, जुन्या कवितांचं वाचन तेवढं सोडत नाही. कानात लय राहिली की परत लिहायला बसणं जड जात नाही. सध्या देवद्वार छंद हाताळतेय : 6, 6, 6 आणि शेवटी 4 अक्षरं. त्या चौथ्या, आखूड चरणात अर्थ नेमका बसवणं फार अवघड आहे, आणि मला त्याचीच गोडी लागली आहे.